खाडाखोडीची रोजकीर्द

मॅग्नम या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेच्या न्यूयॉर्क येथील अंधारखोलीत पाब्लो इनिरिओ या कसबी मुद्रकाने जे कागद जपून ठेवले, ते पाहिल्यावाचून छायाचित्राच्या स्मरणशक्तीचा इतिहास सांगावयास आरंभ करणे मला योग्य वाटत नाही. निगेटिव्हवरून अंतिम चित्र उतरविण्यापूर्वी तो एक साधा नमुना काढी, आणि मग त्या नमुन्यावर लेखणीने वर्तुळे व रेघा ओढून प्रत्येकीशेजारी एकेक आकडा मांडी: या गालावर इतके सेकंद प्रकाश कमी, त्या आकाशावर इतके सेकंद अधिक. डेनिस स्टॉक याने १९५५ साली टाइम्स स्क्वेअरच्या ओल्या रस्त्यावरून खांदे आवळून चालत येणाऱ्या जेम्स डीनचे जे छायाचित्र घेतले, त्याचा असा आकड्यांनी गजबजलेला नमुना पुढे प्रसिद्ध झाला, तेव्हा ज्यांनी तो प्रिंट आयुष्यभर पाहिला होता त्यांनाही त्या एका राखाडी छटेमागे हाताच्या किती हालचाली दडल्या आहेत हे प्रथमच कळले. निगेटिव्ह मात्र आपल्या पाकिटात जशीच्या तशी होती. तिच्यावर जे संस्कार व्हावयाचे ते प्रकाश आणि कागद यांच्या दरम्यान होत, आणि त्यांचा तपशील एका वेगळ्या कागदावर उतरून राही. मूळ आणि सूचना यांची ही फारकत, पुढे संगणकाच्या युगात प्रथम विसरली गेली आणि मग पंधरा-वीस वर्षांच्या खटाटोपानंतर पुन्हा शोधून काढावी लागली, हा या लेखाचा विषय आहे.

निगेटिव्ह अस्पर्श राहते हा अर्थात परिपाठ होता, कायदा नव्हता. ॲन्सेल ॲडम्सने १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे जे सुप्रसिद्ध छायाचित्र घेतले, त्याचे प्रिंट तो पुढे काही दशके काढीत राहिला आणि उत्तरोत्तर त्यातील आकाश काळवंडत गेले. इतकेच नव्हे, तर १९४८ साली त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागावर पुन्हा रासायनिक प्रक्रिया करून मूळ दस्तऐवजालाच हात घातला. सोव्हिएत सेन्सॉरची गोष्ट याहून निराळी. मॉस्कोच्या कालव्याकाठी स्टालिनच्या शेजारून चालणारा पोलीसप्रमुख निकोलाय येझोव्ह मर्जीतून उतरल्यावर चित्रातूनही उतरला आणि त्याच्या जागी कालव्याचे पाणी पसरले. ही लबाडी उघडकीस आली ती कोणी नोंद ठेवली होती म्हणून नव्हे, तर आधीच्या प्रती इतरत्र शिल्लक राहिल्या म्हणून. फिल्मच्या काळात फेरफाराचा पुरावा दप्तरात शोधावा लागत नसे. तो निगेटिव्हच्या, जुन्या प्रिंटच्या, ब्रशाच्या फटकाऱ्याच्या रूपाने वस्तूलाच चिकटलेला असे. संगणकाने ही वस्तूच नाहीशी केली.

ते घडण्याची पहिली गाजलेली वर्दी फेब्रुवारी १९८२ मध्ये मिळाली. त्या महिन्याच्या नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर गॉर्डन गॅहन याने गिझा येथे घेतलेले पिरॅमिडांचे छायाचित्र होते. मूळ चित्र आडवे आणि मुखपृष्ठ उभे, म्हणून इस्रायलच्या सायटेक्स कंपनीच्या संगणकीय यंत्रणेवर दोन पिरॅमिड परस्परांजवळ सरकविण्यात आले, आणि साडेचार हजार वर्षे जे कोणाच्याने हलले नव्हते ते एका मासिकाच्या सोयीसाठी हलले. मूळ चित्र फिल्मवर होते म्हणून तुलनेला जागा उरली. परंतु यंत्राच्या उदरात पिरॅमिड कोणत्या पायऱ्यांनी सरकले याचा मागमूस छापलेल्या पानावर नव्हता, आणि तशी यंत्रणा काही मोठ्या छापखान्यांपुरतीच मर्यादित असल्यामुळे त्याची चिंता करणारेही मोजकेच होते.

ती मर्यादा ज्यांनी मोडली ते दोघे बंधू अंधारखोलीतच वाढले होते, ही गोष्ट या इतिहासात मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. अमेरिकेतील ॲन आर्बर येथे, मिशिगन विद्यापीठात अणुअभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेल्या ग्लेन नोल यांच्या घराच्या तळघरात एक अंधारखोली होती, आणि तेथे थॉमस व जॉन हे त्यांचे पुत्र प्रकाश कमीअधिक करण्याची कला शिकले. थॉमस १९८७ साली डॉक्टरेटचा अभ्यास करीत असता, आपल्या मॅकिन्टॉशच्या केवळ काळ्या-पांढऱ्या पडद्यावर राखाडी छटा दाखविता याव्यात म्हणून त्याने एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. जॉन त्या वेळी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या चित्रपटांच्या दृश्यकरामतींच्या संस्थेत होता. त्याने त्या प्रोग्रॅममधील शक्ती ओळखून भावाकडे नवनव्या मागण्यांचा तगादा लावला. ॲडोबी कंपनीने तो विकण्याचे हक्क मिळविले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली. अंधारखोलीतील अनेक क्रिया तीत होत्या; प्रकाश अडविण्याची व वाढविण्याची साधने पुढच्या आवृत्त्यांत आली तेव्हा त्यांना तर अंधारखोलीतीलच नावे राहिली. फक्त इनिरिओचा तो आकड्यांचा कागद तिच्यात नव्हता.

का नव्हता, याचे उत्तर एका साध्या त्रैराशिकात आहे. आठ इंच रुंद व दहा इंच उंच चित्र, छपाईस योग्य अशा दर इंचाला ३०० बिंदूंच्या घनतेने, तीन रंगांत साठवावयाचे म्हटले, तर २,१६,००,००० बाइट लागतात. आणि त्या काळच्या मॅकिन्टॉशची स्मृती दोन-चार मेगाबाइट असे. म्हणजे चित्र स्वतःच स्मृतीत मावत नव्हते, ते हार्ड डिस्कवर तुकड्यातुकड्याने ये-जा करीत असे. अशा अवस्थेत प्रत्येक फटकाऱ्यापूर्वीचे चित्र राखून ठेवणे म्हणजे एका खोलीच्या बिऱ्हाडात दररोज नवा पाहुणा उतरविणेच होय. म्हणून कारागिराला एकच पाऊल मागे घेण्याची मुभा मिळाली. दुसरा फटकारा मारला की पहिला कायमचा झाला. त्यापलीकडे उपाय म्हणजे फाइल शेवटची जतन केली होती त्या स्थितीला परत जाणे. पोळलेली माणसे मग दर टप्प्याला नवे नाव देऊन नवी प्रत राखीत, आणि अखेरची म्हणून ठेवलेल्या फाइलच्या पोटी आणखी चार अखेरच्या फाइली जन्माला येत. बिंदूंवर केलेला संस्कार बिंदूंतच विरघळत असे: जुने मूल्य पुसून त्या जागी नवे बसले, की पूर्वी तेथे काय होते हे सांगावयास यंत्राजवळ काहीच उरत नसे.

या कोंडीतून निघण्याची एक अत्यंत बुद्धिमान वाट ब्रुनो डेलेआन या फ्रेंच गृहस्थाने काढली. त्याच्या लाइव्ह पिक्चर या प्रोग्रॅमने १९९०–२००० या दशकाच्या पूर्वार्धात बिंदूंना स्पर्श करण्याचेच नाकारले. वापरणाऱ्याने जे केले ते गणिती फलनांच्या रूपाने वेगळे नोंदवावयाचे, पडद्यावर दिसणाऱ्या भागापुरताच त्यांचा परिणाम काढून दाखवावयाचा, आणि सगळे काम मनासारखे झाले म्हणजेच अंतिम चित्र एकदा घडवावयाचे, अशी त्याची रीत होती. मोठमोठी चित्रे दुबळ्या यंत्रावर भराभर हलत असलेली पाहून लोक थक्क होत. पुढे ॲपलचे माजी प्रमुख जॉन स्कली यांनी त्या कंपनीची धुरा घेतली; तथापि बाजार फोटोशॉपच्याच मागे गेला, आणि स्मृती जसजशी स्वस्त झाली तसतसे लाइव्ह पिक्चरचे मर्म कोणास आठवेनासे झाले. फोटोशॉपने १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत लेअर आणले, म्हणजे चित्रावर पारदर्शक थर अंथरून मूळ थर अबाधित ठेवण्याची सोय केली, आणि १९९६ साली चौथ्या आवृत्तीत निव्वळ सूचना वाहणारे थरही दिले. यांमुळे काय केले हे काही अंशी राखता येऊ लागले. केव्हा आणि कोणत्या क्रमाने केले हे मात्र नाही.

तो क्रम १९९८ साली पाचव्या आवृत्तीत प्रकट झाला. हिस्टरी या नावाची एक लहानशी चौकट पडद्याच्या कोपऱ्यात आली आणि तीत प्रत्येक क्रिया एकाखाली एक ओळीने उमटू लागली: ब्रश, कातरणे, रंगदुरुस्ती, पुन्हा ब्रश. हव्या त्या ओळीवर बोट ठेवावे आणि चित्र त्या क्षणाला परत जावे. एवढेच नव्हे, तर एका विशेष ब्रशाने चित्राच्या एखाद्याच कोपऱ्यात भूतकाळ परत रंगवावा आणि बाकीचे चित्र वर्तमानात ठेवावे, अशी अद्भुत सोयही तिच्यात होती. चित्र लहान लहान चौकोनांत विभागलेले असे. न बदललेले चौकोन सर्व अवस्थांना सामाईक राहत, म्हणून प्रत्येक पायरीसाठी अख्खी प्रत राखावी लागत नसे. ज्यांनी त्या काळी हे काम हाताने केले आहे त्यांना विचारावे: या चौकटीने कारागिराच्या मनगटातील भीतीच काढून घेतली.

परंतु या इतिहासाच्या अटी पाहण्यासारख्या होत्या. मुळात वीसच पायऱ्या लक्षात राहत. एकविसावी आली की पहिली गळे. मागे जाऊन नवे काही केले की पुढच्या साऱ्या पायऱ्या, निराळी आज्ञा दिलेली नसेल तर, रद्द होत. आणि फाइल मिटली की सगळा इतिहास तिच्याबरोबर मिटत असे. दुसऱ्या दिवशी तीच फाइल उघडणाऱ्याला ती नुकतीच जन्मली आहे असे भासावे. ही उणीव नजरचुकीने राहिलेली नव्हती. ही स्मृती कारागिराने, कारागिरासाठी, चूक सुधारण्यापुरती निर्मिली होती. कोणापुढे साक्ष देण्याची कामगिरी तिच्यावर कोणी सोपविलीच नव्हती. पुढील पाव शतकात जे घोटाळे झाले, त्यांपैकी बरेचसे, परतण्यासाठी राखलेल्या या स्मृतीकडून साक्षीची अपेक्षा केल्यामुळे झाले असे माझे मत आहे.

साक्षीची गरज किती निकडीची आहे हे इराक युद्धात दिसले. लॉस एंजेलिस टाइम्सच्या ३१ मार्च २००३ च्या अंकात बसराजवळ एक ब्रिटिश सैनिक हात उंचावून नागरिकांना आडोशाला बसण्याची खूण करीत असल्याचे छायाचित्र आले. ते ब्रायन वॉल्स्की याने काही क्षणांच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांतून जुळविले होते, एकातला सैनिक आणि दुसऱ्यातला मूल घेतलेला मनुष्य. ही गोष्ट फाइलने सांगितली नाही. हार्टफर्ड कुरंट या वृत्तपत्रातील लोकांच्या असे ध्यानात आले की गर्दीतील काही माणसे चित्रात दोनदा बसली आहेत. वॉल्स्कीची नोकरी तत्काळ गेली. जोडकाम अधिक सफाईने झाले असते तर काय, हा प्रश्न मागे उरला, आणि तो वृत्तपत्रांइतकाच न्यायालयांनाही भेडसावीत होता.

अमेरिकेतील पोलीस खात्यांत बोटांचे ठसे व गुन्ह्याच्या जागेची चित्रे संगणकावर स्पष्ट करून घेण्याची चाल तोवर पडली होती. एफबीआयने १९९७ साली स्थापिलेल्या तज्ज्ञगटाने दंडक घातला की मूळ प्रतिमा जशीच्या तशी राखावी, काम प्रतीवर करावे, आणि संस्कारांची टिपणे अशी ठेवावी की दुसऱ्या जाणकाराला त्यांवरून तोच परिणाम काढता यावा. इनिरिओचा कागद, निराळ्या पोशाखात. फोटोशॉपच्या २००३ सालच्या आवृत्तीत या गरजेला अनुसरून हिस्टरी लॉग आला: प्रत्येक क्रियेची ओळ चित्राच्या फाइलमध्ये अथवा वेगळ्या मजकूर-फाइलमध्ये रुजू करणारा, फाइल मिटल्यावरही टिकणारा. मात्र तो मुद्दाम सुरू करावा लागे. आणि ज्याच्या मनात काळेबेरे आहे तो आपल्यामागे कारकून बसवून घेत नाही, हे सांगणे नलगे.

कनेक्टिकट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एका खून खटल्यात दिलेला निकाल या संदर्भात बारकाईने वाचण्याजोगा आहे. मृत स्त्रीच्या शरीरावरील चावल्याच्या खुणेचे छायाचित्र ल्युसिस नावाच्या प्रोग्रॅमने स्पष्ट केले होते, आणि आरोपीच्या दातांच्या ठशाचे चित्र फोटोशॉपमध्ये त्या खुणेवर बसविले होते. पहिल्या चित्राबाबत साक्षीदाराने कोणती क्रिया कशी झाली हे न्यायालयासमोर पायरीपायरीने उलगडून दाखविले. दुसऱ्याबाबत तसे सांगू शकणारा साक्षीदार नव्हता. न्यायालयाने पहिले ग्राह्य मानले, दुसरे दाखल करून घेणे चुकीचे ठरविले, आणि या चुकीने निकालास बाध येत नाही असे म्हणून शिक्षा कायम केली. तारतम्य निर्दोष होते. परंतु पुढे डीएनए तपासणी झाली, दंतवैद्य तज्ज्ञाने आपली साक्ष मागे घेतली, आणि २०१८ साली तो मनुष्य आरोपातून मुक्त झाला. तोवर त्याची दीड तपाहून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती. ज्या चित्रावरील संस्कारांचा हिशेब चोख लागला होता, त्यावरून काढलेला निष्कर्षच खोटा होता. हिशेब हाताच्या प्रामाणिकपणाचा असतो. डोळ्याने काय पाहिले असे समजावे, हे त्यात लिहिलेले नसते.

इकडे छायाचित्रकारांच्या जगात त्याच सुमारास एक शांत क्रांती होत होती, आणि तिचा आरंभ पुन्हा थॉमस नोल यानेच केला. डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक जे मोजतो ते अद्याप चित्र नसते. ती प्रकाशाच्या मापांची कच्ची जंत्री असते, आणि तिचे चित्र होण्यासाठी रंगाचा समतोल, उजेड, तीक्ष्णता यांविषयी निर्णय घ्यावे लागतात. फेब्रुवारी २००३ मध्ये आलेल्या कॅमेरा रॉ या नोलच्या जोडप्रोग्रॅमने कच्च्या फाइलला अजिबात हात न लावता हे निर्णय एक्सएमपी नावाच्या छोट्या मजकूर-फाइलमध्ये शेजारी लिहून ठेवावयास प्रारंभ केला. ॲपलने २००५ च्या अखेरीस ॲपर्चर आणले. फोटोशॉपच्या प्रमुख रचनाकारांपैकी मार्क हॅम्बर्ग याने शॅडोलँड या टोपणनावाने चालविलेला प्रयोग फेब्रुवारी २००७ मध्ये लाइटरूम या नावाने पूर्णत्वास गेला, आणि त्यात हे तत्त्व कळसाला पोहोचले. लाइटरूममध्ये छायाचित्र आपल्या जागी पडून राहते. बदलतो तो फक्त एक दप्तरखाना, ज्यात प्रत्येक चित्राच्या नावे प्रत्येक दुरुस्ती तारीखवार लिहिली जाते. सातबाऱ्यावर जमिनीची आजची स्थिती दिसते आणि ती कोणकोणत्या खरेदीखतांनी, वाटण्यांनी व वारसनोंदींनी आली हे फेरफाराच्या वहीत पाहावे लागते. लाइटरूमने छायाचित्राला प्रथमच अशी वही दिली. फाइल मिटली, यंत्र बंद झाले, पाच वर्षे लोटली, तरी पाच वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी उजेडाचा खटका किती सरकविला होता हे त्या वहीत सापडते. वीस पायऱ्यांची मर्यादा गेली, कारण आता प्रत्येक पायरी म्हणजे लाखो बिंदू नव्हेत, एक ओळ होती.

सूचनांच्या या दप्तराला दोन व्याधी जडलेल्या आहेत, आणि त्यांपैकी पहिली एका घटनेने उघड झाली. ॲपलने २०१४ साली ॲपर्चर थांबविण्याचे जाहीर केले, तेव्हा ज्यांनी आपले सारे संस्कार सूचनारूपाने त्यात ठेवले होते त्यांच्या ध्यानात आले की मूळ छायाचित्रे दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये सुखरूप नेता येतात, दुरुस्त्या नेता येत नाहीत. सूचना ज्या भाषेत लिहिल्या ती भाषा वाचणारा एकच, आणि तोच दुकान बंद करून निघालेला. मोडीतले रुमाल घरात आहेत आणि मोडी वाचणारा उरला नाही ही अवस्था आपल्याकडील अनेक घराण्यांना ठाऊक आहे. दुसरी व्याधी सूक्ष्म आहे. ‘उजेड इतका वाढवा’ या सूचनेचा अर्थ लावणारे गणित सुधारत जाते. तेव्हा नवी आवृत्ती आली की जुन्या सूचनेतून निराळेच चित्र निघावयाचे. ॲडोबीने यावर असा तोडगा काढला की प्रत्येक चित्रासोबत त्याच्या गणिताची पिढीही नोंदवावयाची: २००३ ची, २०१० ची, २०१२ ची, आणि मालकाने स्वतः हुकूम दिल्याखेरीज जुने चित्र जुन्याच गणिताने काढावयाचे. याहून प्रामाणिक व्यवस्था मला तरी सुचत नाही.

येथवर सगळे घरातल्या घरात होते. ही नोंद बाहेरच्या लोकांनी वाचावयास घेतली तेव्हा काय झाले, ते पॉल हॅन्सन याच्या प्रकरणात दिसते. स्वीडनच्या दागेन्स नीहेटर या वृत्तपत्राच्या या छायाचित्रकाराने नोव्हेंबर २०१२ मध्ये गाझा शहरातील एका अरुंद गल्लीतून चाललेली अंत्ययात्रा टिपली होती. पुढे दोन लहान मुलांचे देह, मागे शोकाकुल पुरुष. त्या चित्राला वर्ल्ड प्रेस फोटोचा वर्षातील सर्वोच्च मान मिळाला. चित्रातील प्रकाश चित्रपटातल्यासारखा जुळून आलेला होता, आणि कुरबूर तेथून सुरू झाली. मे २०१३ मध्ये प्रतिमांचे विश्लेषण करणारे नील क्रॉवेट्झ यांनी फाइलमधील एक्सएमपी नोंदी पुढे केल्या: कच्ची चित्रे वेगवेगळ्या वेळी उघडून एका दस्तऐवजात आणलेली दिसतात, त्याअर्थी हे अनेक छायाचित्रे जोडून केलेले चित्र आहे. आरोप जगभर पसरावयास एक दिवसही लागला नाही.

वर्ल्ड प्रेस फोटो संस्थेने हानी फरीद यांच्यासह स्वतंत्र तज्ज्ञ नेमून हॅन्सनची मूळ कच्ची फाइल व प्रसिद्ध झालेले चित्र त्यांच्या हवाली केले. त्यांचा अभिप्राय असा पडला की रंग व छटा यांवर सर्वत्र आणि जागोजाग संस्कार झालेले आहेत, पण जोडकामाचा पुरावा नाही. हॅन्सनचे म्हणणे होते की त्याने एकच कच्ची फाइल कमीअधिक उजेडात निरनिराळी विकसित केली आणि ती रूपे एकमेकांवर ठेवली. म्हणजे एकाच निगेटिव्हवरून एका भागाला कमी व दुसऱ्याला अधिक सेकंद देणे, एवढेच. नोंद खोटे बोलत नव्हती. फाइल अनेकदा उघडली हे ती सांगत होती; अनेक फाइली होत्या हे तिने म्हटलेच नव्हते, आणि वाचणाऱ्याने ते तिच्या तोंडी घातले. या प्रकरणाने एक पायंडा मात्र पडला. नोंदींवर विसंबण्यापेक्षा मूळ कच्ची फाइलच समोर ठेवा, असा आग्रह स्पर्धेने धरला, आणि २०१५ साली अंतिमपूर्व फेरीला पोहोचलेल्यांपैकी २० टक्के चित्रे या कसोटीवर बाद झाली.

राजघराण्यांनाही या कारकुनाने सोडले नाही. १० मार्च २०२४ रोजी, ब्रिटनमधील मातृदिनी, वेल्सच्या राजकन्या व त्यांची तीन मुले यांचे एक छायाचित्र प्रसृत झाले, आणि त्याच दिवशी असोसिएटेड प्रेससह मोठ्या वृत्तसंस्थांनी ते मागे घेण्याची आज्ञा ग्राहकांना धाडली. कारण मुलीच्या डाव्या बाहीची कड जुळत नव्हती. दुसऱ्या दिवशी राजकन्येने हौशी छायाचित्रकाराप्रमाणे आपण फेरफाराचे प्रयोग करीत असतो असे सांगून दिलगिरी व्यक्त केली. तोवर वार्ताहरांनी फाइलचे अंतरंग उकलले होते: चित्र मॅकवरील फोटोशॉपमध्ये दोनदा जतन झाले होते, एकदा शुक्रवारी रात्री ९ वाजून ५४ मिनिटांनी आणि पुन्हा शनिवारी सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी. वेळ मिनिटापर्यंत बिनचूक, आणि त्या मिनिटांत काय केले याविषयी अवाक्षर नाही. या रिकाम्या जागेत लोकांनी ज्या कहाण्या भरल्या त्यांचा येथे उल्लेखही नको. पुढे राजकन्येच्या प्रकृतीचे जे वृत्त आले त्याने बोलणाऱ्यांपैकी निदान काहींना लाज वाटली असेल.

तेव्हा नोंद अशी असावी की जी पूर्ण असेल, चित्राबरोबर प्रवास करील आणि कोणाला गुपचूप बदलता येणार नाही, असा विचार बळावला. तो अगदी नवा नव्हता. कॅनन व निकॉन यांनी आपल्या काही कॅमेऱ्यांत चित्रावर गुप्त चावीने मोर्तब करण्याची व्यवस्था या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत केली होती. चित्राचा एक जरी बिंदू बदलला तरी शिक्का जुळू नये, अशी तिची बांधणी. मॉस्कोच्या एल्कॉमसॉफ्ट कंपनीतील दिमित्री स्क्लियारोव्ह याने २०१० साली दाखवून दिले की कॅननच्या चाव्या कॅमेऱ्याच्याच पोटातून काढता येतात, आणि स्वातंत्र्यदेवतेच्या हाती विळा दिलेली चित्रे कॅननच्या अस्सल मोहरेसह प्रसिद्ध करण्यात आली. पुढच्याच वर्षी निकॉनचीही तीच गत झाली. हाच स्क्लियारोव्ह २००१ साली ॲडोबीच्या फिर्यादीवरून, तिच्या पुस्तकांचे कुलूप उघडल्याबद्दल, लास व्हेगास येथे अटकेत पडला होता. इतिहासाला असे योगायोग आवडतात.

ॲडोबीने मग २०१९ साली न्यूयॉर्क टाइम्स व ट्विटर यांना बरोबर घेऊन नवा उपक्रम मांडला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट, इंटेल, आर्म, बीबीसी व ट्रूपिक यांच्यासह सीटूपीए ही मानके ठरविणारी संस्था उभी राहिली. तिच्या पद्धतीत कॅमेरा जन्मतःच चित्राला एक जाहीरनामा जोडतो. पुढे प्रत्येक प्रोग्रॅम आपण काय केले ते लिहून, आधीच्या जाहीरनाम्याला गुंफून, आपली सही करतो, आणि चित्राच्या प्रत्येक बिटावरून काढलेला हॅश नावाचा आकडा त्या सहीत अडकवितो. आपल्याकडेही १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हा हॅश नमूद करावा लागतो, म्हणजे दिवाणी-फौजदारीतल्या बेलिफापर्यंत ही संज्ञा पोहोचली म्हणावयास हरकत नाही. लायकाचा एम ११-पी हा अशी सही करणारा पहिला कॅमेरा ऑक्टोबर २०२३ मध्ये विक्रीस आला. अडचण एवढीच की चित्रे वाटणारी अनेक समाजमाध्यमे ती पुन्हा दाबून लहान करताना सोबतचे सगळे कागद फेकून देतात, आणि वाचकापर्यंत पोहोचते ते पुन्हा अनाथ चित्रच.

निकॉनने २०२५ साली आपल्या झेड ६ थ्री या कॅमेऱ्यात ही सही आणली. थोड्याच दिवसांत एका वापरणाऱ्याने असे दाखविले की त्या कॅमेऱ्यातील दुहेरी छापणीची, म्हणजे एका चित्रावर दुसरे घेण्याची, जुनी सोय वापरून, ज्यावर कोणतीही सही नाही असे भलत्याच कॅमेऱ्यातील चित्र कार्डावरून आत घेता येते, आणि बाहेर पडताना ते अस्सल म्हणून सही होऊन बाहेर पडते. चावी कोणी चोरली नव्हती, गणित कोणी मोडले नव्हते. पहिल्याच ओळीत जन्माची नोंद खोटी झाली होती, आणि पुढील प्रत्येक ओळ तिला इमानाने गुंफली गेली असती. सप्टेंबरात निकॉनने ती सेवा स्थगित केली व तोवर दिलेली सर्व प्रमाणपत्रे रद्द ठरविली, आणि ज्यांनी त्या कॅमेऱ्याने सरळपणे चित्रे घेतली होती त्यांच्या चित्रांवरील मोर्तबही त्याच हुकुमाने निकाली निघाले.